अप्पांचा अर्धा दिवस

गुरुवार, १९ नोव्हेंबर १९८७. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी शेवरगाव व्यापारी संघाच्या गच्चीवरचा भोंगा तीनदा वाजला, आणि अकरा वाजून चौदा मिनिटांनी बाजारपेठ बंद झाली.

भोंगा एकदा वाजला तर आग. दोनदा वाजला तर गावात वजनमापे तपासणारा साहेब आला. तीनदा वाजला तर संघाचा सभासद वारला, आणि बाजार दुपारी तीनपर्यंत बंद. हे शेवरगावात लहान मुलांनाही ठाऊक होतं. मी तेव्हा एका जिल्हा दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो, वय सव्वीस. भोंग्याचा आवाज विरायच्या आत मी संघाच्या दारातल्या फळ्यासमोर उभा होतो. संघाचे शिपाई इस्माईलभाई खडूनं शेवटची ओळ लिहीत होते. फळ्यावर होतं : दुःखद निधन. श्री. विरूपाक्षअप्पा मेनकुदळे, माजी अध्यक्ष.

अप्पा मेनकुदळे म्हणजे पेठेतलं लोखंडी सामानाचं दुकान. वय पासष्ट. संघ १९४९ साली स्थापन झाला तेव्हाच्या सात जणांपैकी ते शेवटचे हयात. आठवडाभर ते छातीत दुखतंय म्हणून जिल्ह्याच्या दवाखान्यात होते आणि दोनच दिवसांपूर्वी घरी आले होते. त्यामुळे कुणाला आश्चर्य वाटलं नाही. मलाही नाही.

माझ्या बातम्या साडेअकराच्या एसटीनं पाकिटात घालून जायच्या. कंडक्टर ते जिल्ह्याच्या स्टँडवर एका पानवाल्याकडे द्यायचा आणि तिथून कचेरीतला माणूस ते न्यायचा. मी स्टँडवर उभ्याउभ्या सहा ओळी लिहिल्या, पाकीट दिलं, आणि मग सविस्तर माहितीसाठी अप्पांच्या दुकानाकडे वळलो. हा क्रम लक्षात ठेवावा. आधी पाठवलं, मग विचारायला गेलो.

दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं. आमच्या पेठेत अर्धं शटर म्हणजे त्या दुकानाच्या घरी कुणी गेलं. अशा वेळी दारात जाऊन विचारायचं नाही, हा शिरस्ता होता. विचारलं की घरच्यांना तोंडानं सांगावं लागतं. म्हणून संघाचे चिटणीस समोरून तासभर शटर बघत. तासाभरात ते वर गेलं नाही की भोंगा. तेव्हाचे चिटणीस सुवालालजी कोठेचा यांचं कापडदुकान अप्पांच्या बरोबर समोर होतं. त्यांनी दहा वाजून पाच मिनिटांपासून अकरा वाजून पाच मिनिटांपर्यंत शटरवर नजर ठेवली होती, असं त्यांनी नंतर लेखी दिलं.

मी चपला बाहेर काढल्या, वाकलो, आणि आतल्या अंधारात हळू आवाजात विचारलं, "शिवलिंग आहेत का?" शिवलिंग हा अप्पांचा थोरला मुलगा.

"मिस्त्रीला आणायला गेलाय," आतून आवाज आला. "कोण, देवणीकर का? आत या. डोकं सांभाळा."

तो आवाज मी संघाच्या चार वार्षिक सभांत ऐकला होता. आत गेलो. खिळ्यांच्या खोक्यांमध्ये, गादीवर, तक्क्याला टेकून अप्पा बसले होते. कपाळावर विभूती, हातात अडकित्ता. शटर अर्ध्यावर अडकलं, का अडकलं ते बघायला ते वाकून आत आले, आणि तिथेच कंबर धरली. आता शटर पूर्ण वर गेल्याशिवाय त्यांना बाहेर पडता येत नव्हतं. शेवरगावात शटरला लावायचं ग्रीस फक्त त्यांच्याकडे मिळायचं.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "भोंगा तीनदा वाजला. उभं राहता येईना, दोन मिनिटं बसूनच पाळली. पण कुणासाठी ते कळायला मार्ग नाही. कोण गेलं?"

ते वाट बघत राहिले.

"अप्पा, फळ्यावर तुमचं नाव आहे."

त्यांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला आणि तो चघळून होईपर्यंत विचार केला.

"पूर्ण नाव?"

"पूर्ण. माजी अध्यक्षसुद्धा लिहिलंय."

"सुवालालनं तासभर बघितलं होतं का?"

"बघितलं होतं म्हणतात."

"मग रीतसर आहे," अप्पा म्हणाले.

तेवढ्यात शटरखाली आधी झेंडूचा हार आणि मग सुवालालजींचं डोकं आलं. पाठोपाठ संघाचे दोन सभासद होते, पण ते वाकले नाहीत. सुवालालजींनी अप्पांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हार तराजूच्या एका पारड्यात ठेवला.

"अप्पा, तुम्ही आहात," ते म्हणाले.

"आहे."

यापुढे जे झालं ते मी तेव्हाच टिपून ठेवलं होतं, म्हणून सांगू शकतो. सुवालालजींनी पहिला मुद्दा हा मांडला की बाजार लगेच उघडायला हवा. पण मुदतीआधी बाजार उघडण्याची खूणच संघानं कधी ठरवली नव्हती. भोंगा पुन्हा तीनदा दिला तर आणखी एक गेला असा अर्थ होणार. चारदा दिला तर लोक मोजण्यात चुकणार आणि निम्मे आगीचे बंब घेऊन येणार. इस्माईलभाईंना हाकेनं दारोदार पाठवावं, असं मी सुचवलं. अप्पांनीच ते मोडून काढलं. भोंग्यानं बंद केलेला बाजार तोंडी निरोपानं उघडायला लागलो तर उद्या कुणीही पोरसवदा उघडेल, असं त्यांचं म्हणणं.

बाराच्या सुमारास शिवलिंग मिस्त्रीला घेऊन आला. बाजार बंद का, हे त्याला वाटेत कुणी सांगितलं नव्हतं. फक्त तीन जणांनी सायकल थांबवून त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. मिस्त्रीनं घण काढला, तशी अप्पांनी आतून मनाई केली.

"तीननंतर."

"अप्पा, तुम्ही आत अडकलाय," शिवलिंग म्हणाला.

"बाजार बंद आहे. बंदमध्ये घण वाजवतो का कुणी? बाहेर बस जा."

तेव्हा शिवलिंग आणि मिस्त्री ओट्यावर बसले. येणारेजाणारे त्यांना लांबूनच हात जोडत होते. घरून शटरखालून डबा आला. स्वतःच्या निधनानिमित्त बंद असलेल्या बाजारात अप्पांनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, मलाही अर्धी दिली. सुवालालजींनी पाणीसुद्धा घेतलं नाही. दुखवट्याच्या घरचं चालत नाही म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते उमजून पारड्यातला हार सरळ करू लागले.

पावणेतीनला अप्पांनी अडकित्ता खाली ठेवला.

"सुवालाल, हा बंद कुणाच्या नावावर लिहिणार?"

"तुमच्याच. दुसऱ्या कुणाच्या लिहू?"

"म्हणजे माझा झाला."

अप्पा कशाबद्दल बोलत होते ते त्या दोघांना कळलं होतं. मला कळायला रविवार उजाडावा लागला.

संघाच्या घटनेतला एकोणिसावा नियम असा आहे : कोणत्याही सभासदाच्या निधनानिमित्त बाजार अर्धा दिवस बंद राहील; असा बंद एका सभासदासाठी एकदाच होईल. हे 'एकदाच' कुठून आलं, तेही इतिवृत्तात आहे. १९५६ साली एक भुसारी व्यापारी वारले. त्यांचे दोन मुलगे वेगळे, दोन दुकानं. एकानं मृत्यूच्या दिवशी बाजार बंद करवला, दुसऱ्यानं तेराव्याला. मग पहिल्यानं वर्षश्राद्धाला. तेव्हा संघाचे तरुण अध्यक्ष विरूपाक्षअप्पा मेनकुदळे यांनी स्वतःच्या हातानं मसुदा केला आणि 'एकदाच' या शब्दाखाली रेघ ओढली. ती रेघ अजून दिसते.

शुक्रवारी माझ्या सहा ओळी छापून आल्या. मी कचेरीत फोन करून दुरुस्ती सांगितली. उपसंपादक म्हणाले, निधनाच्या बातमीची दुरुस्ती मृताच्या नातेवाइकांचं पत्र असल्याशिवाय घेत नाही. मृत स्वतः पत्र द्यायला तयार आहेत, असं मी म्हणालो. त्यांनी फोन ठेवला. मी अंक घेऊन अप्पांकडे माफी मागायला गेलो. तोवर शटर सुरळीत झालं होतं आणि त्यांची कंबरही.

"पेपराचं सोडा," ते म्हणाले. "सोमवारी त्यात खिळे बांधीन. रविवारच्या सभेला या. लिहून घ्या नीट."

रविवारी, २२ नोव्हेंबरला संघाची तातडीची सभा भरली. हजेरी त्रेपन्न. पहिला पेच हजेरीपुस्तकावरच झाला. अप्पांचं नाव गुरुवारी सभासदयादीतून कमी झालं होतं, त्यामुळे सही कुठं करायची हा प्रश्न. शेवटी सुवालालजींनी स्वतः लिहिलं : कै. मेनकुदळे, उपस्थित. तशीच पद्धत पुढे पडली.

अप्पांची मागणी एका वाक्याची होती. गुरुवारचा बंद त्यांच्या नावावर धरू नये. नाव यादीत परत घेतलं नाही तरी चालेल, सभासदत्व शिवलिंगला दिलं तरी चालेल. बंद तेवढा शिल्लक ठेवावा.

सुवालालजी उत्तराला उभे राहिले. ते मनानं वाईट माणूस नव्हते. नियम त्यांना अप्पांनीच शिकवला होता.

"अप्पा, बाजार खरोखर बंद होता. गिऱ्हाईक परत गेलं. त्रेपन्न दुकानांनी तुमच्यासाठी शटर ओढलं. हे झालं नाही असं मी कसं लिहू?"

"मी मेलो नव्हतो, हेही झालंय की."

"ते इतिवृत्तात घेतो. पण नियमात मरणाची मोजणी नाही अप्पा. बंदची आहे. तुम्हीच लिहिलंय."

मागून कुणीतरी म्हणालं की पुढच्या वेळी अप्पांनी आधी कळवावं. थोडे हसले. अप्पाही हसले, पण बसले नाहीत.

मग तोडगा निघाला, आणि तो सुवालालजींनीच काढला. शेवरगावात मंगळवारी बाजाराची साप्ताहिक सुट्टी असते. एखाद्या मंगळवारी सगळ्यांनी अर्धा दिवस दुकानं उघडावीत. गुरुवारी बंद राहिलेला अर्धा दिवस तसा भरून निघेल, आणि अप्पांचा बंद वापरलाच नाही असं लिहिता येईल. सभेला हे पटलं. त्रेपन्नपैकी एकावन्न हात वर गेले. मी हात मोजत होतो, आणि अप्पांचा हात वर नव्हता.

मंगळवारची सुट्टी म्हणजे अप्पांचं आयुष्यातलं मोठं काम. १९५८ मध्ये त्यासाठी ते अकरा महिने भांडले होते. दुकानातल्या नोकरमाणसांना आठवड्यात एक दिवस मिळावा म्हणून त्यांनी स्वतःचं दुकान आधी एकट्यानं दर मंगळवारी बंद ठेवलं, आणि समोरचे लोक त्यांचं गिऱ्हाईक नेत असताना ओट्यावर बसून बघितलं.

"मंगळवार उघडायचा नाही," अप्पा म्हणाले. "एकदा उघडला की दिवाळीला उघडाल, लग्नसराईला उघडाल. माझा बंद राहू द्या तसाच."

"मग मी काय करू?" सुवालालजींनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "दोन्ही तुमचेच नियम. एक मोडता येत नाही, दुसरा तुम्ही मोडू देत नाही."

"ते तुम्ही बघा. मी मयत सभासद आहे."

अप्पांच्या बंदचा विषय, क्रमांक सात, पुढील सभेत घ्यावा, असं ठरून सभा संपली.

घरी जाताना अप्पांनी मला बरोबर घेतलं. पेठ रिकामी होत होती. त्यांच्या दुकानासमोर आल्यावर ते थांबले आणि मी न विचारता बोलू लागले. १९४४ साली त्यांचे वडील गेले. तेव्हा संघ नव्हता आणि भोंगाही नव्हता. त्यांच्याकडे लिंगायतांत माणसाला बसवून, विमानातून, म्हणजे सजवलेल्या उघड्या पालखीतून नेतात. विमान याच रस्त्यानं चाललं होतं, दोन्ही बाजूंनी बाजार नेहमीसारखा भरलेला.

"पुढचा खांदा माझा होता. इथं, या खांबाजवळ, खेड्यावरचा एक माणूस आडवा आला. मला ओळखत होता. म्हणाला, दोन इंची खिळे आहेत का रे?"

ते खांबाकडे बघत होते.

"त्याला काय माहीत. त्याचा मला राग नाही. मी म्हणालो, आहेत, संध्याकाळी या. खांद्यावर बाप घेऊन मी असं म्हणालो, देवणीकर. आणि तो आला संध्याकाळी. मी तोलून दिले."

थोडं चालल्यावर ते एवढंच म्हणाले, "शिवलिंगला तसं कुणी विचारायला नको. बाकी मला काही नको."

मी हे छापलं नाही. त्यांनी छापू नका असंही म्हटलं नव्हतं.

त्यानंतर अप्पा पंधरा वर्षांत संघाच्या एकाही वार्षिक सभेला चुकले नाहीत. दरवर्षी हजेरीत 'कै. मेनकुदळे, उपस्थित', दरवर्षी विषय क्रमांक सात, आणि दरवर्षी तो पुढील सभेत. एका वर्षी नव्या अध्यक्षांनी कौतुकानं त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरवलं. तेव्हा घटनेनुसार मयतांचा सत्कार करता येत नाही, हे अप्पांनीच उभं राहून दाखवून दिलं. मधल्या काळात मी जिल्ह्याच्या कचेरीत बदलून गेलो. शेवरगावात होतो तोवर मात्र एसटीत पाकीट देण्याआधी मी दोनदा विचारायचो.

११ फेब्रुवारी २००३ रोजी सकाळी सात वाजता अप्पा मेनकुदळे घरी, झोपेत वारले. मी स्वतः जाऊन बघितलं, मगच कचेरीला फोन केला.

त्या दिवशी मंगळवार होता.

बाजार बंदच होता. इस्माईलभाई निवृत्त झाले होते, तरी ते आपणहून गच्चीवर गेले आणि भोंग्याच्या बटणाजवळ बसून राहिले. खाली सुवालालजी, वय चौऱ्याहत्तर, अजून चिटणीस, घटनेची वही मांडीवर घेऊन बसले होते. भोंगा द्यावा तर दुसरा बंद होतो. न द्यावा तर अप्पांसाठी बंद झालाच नाही. बंद असलेला बाजार बंद करता येतो का, यावर वहीत काही नव्हतं. अकरा वाजता इस्माईलभाई खाली आले. त्यांनी विचारलं, "काय करू?" सुवालालजींनी मान हलवली, पण हो की नाही, हे त्यांना कळलं नाही आणि मलाही नाही. भोंगा वाजला नाही.

विमान बंद पेठेतून गेलं. पुढचा खांदा शिवलिंगचा. मी खांबापासून दहा पावलांवर होतो. शिवलिंगला कुणी काही विचारलं नाही. पण ते मंगळवारमुळे की अप्पांमुळे, हे सांगायला काही आधार नाही.

बुधवारी सकाळी मी परतीच्या गाडीसाठी पेठेतून निघालो. वेळ अकरा वाजून दहा मिनिटं. बाजार सुरू होता. दोन्ही बाजूंची शटर अर्धी होती. गिऱ्हाईक वाकून आत जात होतं आणि सामान घेऊन वाकून बाहेर येत होतं. डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई पाटी आधी आत सरकवून मग स्वतः गेली. मी मोजली : एकेचाळीस शटर.

सुवालालजींच्या कापडदुकानासमोर मी वाकलो. ते गादीवर बसून मीटरपट्टीनं एकाला छिटाचं कापड मोजून देत होते.

"सुवालालजी, शटर अर्धं का?"

"अडकलंय," ते कापडावरची नजर न काढता म्हणाले.

"सगळ्यांचीच?"

"इतरांचं मला माहीत नाही. माझं अडकलंय."

"मिस्त्रीला बोलावलं नाही?"

"बोलावलंय. तीननंतर येणार आहे."

सुवालालजी २००९ मध्ये गेले. त्या दिवशी शनिवार होता, आणि बाजार दुपारी तीनपर्यंत रीतसर बंद राहिला.

यंदा संघाला पंच्याहत्तर वर्षं झाली. स्मरणिकेसाठी संघाचा इतिहास मी लिहितो आहे. माजी अध्यक्षांच्या यादीत प्रत्येकापुढे निधनाची तारीख आणि कंसात 'बाजार बंद' एवढं छापायचं ठरलंय. अप्पांपुढे मी दोन्ही रकाने मोकळे ठेवून संघाला विचारणा केली. इतिवृत्तात १९ नोव्हेंबर १९८७ चा बंद आहे. ११ फेब्रुवारी २००३ चा नाही. १२ फेब्रुवारीच्या पानावर, बुधवारी, एवढीच नोंद आहे : बाजार सुरू. शटर नादुरुस्त. त्याखाली सुवालालजींची सही.

कार्यकारिणीची बैठक गेल्या रविवारी झाली. विषय क्रमांक सात वाचला गेला. गणपूर्ती होती. चर्चा चाळीस मिनिटं चालली. विषय पुढील सभेत घ्यावा, असं ठरलं.